निरोप दिलेला भाडेकरू

माणसाला निरोप कसा द्यावा हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, तो माझ्या दाराकडे बोट दाखवील. मी रेफूहिओ, पण सगळे मला डोन्या कूका म्हणतात. उत्तरेत कामाला गेलेले दोन दीर, बदली झालेले पोस्टमास्तर, माझ्या खोलीत राहून गेलेले कितीतरी भाडेकरू आणि देवाघरी गेलेला खुद्द माझा नवरा, या सगळ्यांना मी असा काही निरोप दिलाय की त्यातला एकही परत आलेला नाही. मोलेचा, म्हणजे आमच्या सणासमारंभाच्या रश्शाचा, मसाला मी स्वतः वाटते. भाषण मी स्वतः करते. आणि पाहुण्यांपैकी कुणी रडत नसेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसते आणि सुरुवात करून देते.

एक मात्र परत आला. तोही संध्याकाळच्या आत.

बेनेडेक त्याचं नाव. आम्ही डॉन बेनी म्हणायचो. आमच्या चर्चमधला जुना ऑर्गन मुका होऊन पडला होता, तो बोलता करायला हा हंगेरीहून आला आणि माझ्याकडे भाड्याने राहिला. उंच, हडकुळा. दारातून शिरताना मान वाकवायचा आणि आत आल्यावर सरळ करायला विसरायचा. बोलायचा आमचीच भाषा, पण त्यांच्याकडे म्हणे शब्दांत बाई-पुरुष असा भेदच नाही, त्यामुळे इथे त्याची कायम तारांबळ. "डोन्या कूका, तुमचा भाजी फार छान झाला. मी खूप जेवली." मी कधी सुधारलं नाही. इतक्या मनापासून जेवणाऱ्याला व्याकरण कशाला शिकवायचं?

तो आला होता ईस्टरपर्यंत म्हणून. ईस्टर आला आणि ऑर्गनच्या भात्यात उंदरांचं खटलं निघालं. मग जूनमध्ये जायचं ठरलं, तर त्याने मागवलेलं कातडं कस्टममध्ये अडकलं. सप्टेंबरात ऑर्गन एकदाचा वाजला, पण एक नळी दम्याच्या माणसासारखी वाजत राहिली आणि तो तिच्या मागे लागला. दर वेळी बिचारा कपाटावरून बॅगा काढायचा, झटकायचा आणि पुन्हा वर ठेवायचा. नोव्हेंबरात मात्र खरंच तिकीट आलं, आणि मी टर्की आणायला बाजारात गेले.

निरोपसमारंभ असा झाला की विचारू नका. पाद्रीबाबा रडले. शेजारचे डॉन फेर्मिन रडले, आणि ते तर न्हावी आहेत, दिवसभर लोकांच्या दुःखाच्या गोष्टी ऐकून त्यांचं मन निबर झालंय. बेनीने आपलं सामान वाटून टाकलं. सायकल चर्चच्या सेवकाला दिली, छत्री कोपऱ्यावरच्या टॉर्टियावाल्या बाईला, चहाची किटली आणि लोकरीचं ब्लँकेट डॉन फेर्मिनना. एवढं सगळं होत असताना एकच माणूस कोपऱ्यात गप्प उभं होतं. माझी धाकटी बहीण, अम्पारो.

अम्पारो माझ्याजवळच राहते. वरच्या खोलीत बसून ती बाळ येशूचे कपडे शिवते. फेब्रुवारीत घरोघरचा बाळ येशू नवे कपडे घालून चर्चला जातो, त्यामुळे वर्षभर तिला मान वर करायला फुरसत नसते. लग्न केलं नाही. बोलणं अगदी बेताचं. किती बेताचं? एकदा स्वयंपाकघराचा पडदा पेटला तेव्हा ती जिना उतरून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "कूका, पडदा."

तर ही अम्पारो दुसऱ्या दिवशी बस स्टँडवर पोचवायला आली, याचंच मला नवल वाटलं. बेनी खिडकीशी बसला. बसचं इंजिन सुरू झालं. आणि अम्पारो पर्स छातीशी धरून खिडकीजवळ गेली आणि बोलायला लागली. मी लांब होते, मला नुसते ओठ दिसत होते, आणि ते थांबायचं नाव घेत नव्हते. बस हलली तशी चार पावलं बसबरोबर चालत गेली, तरी बोलतच होती. मग बस गेली, आणि ती वळून टॅक्सीत येऊन बसली.

"काय गं, काय बोलत होतीस एवढं?"

"सांगून टाकलं."

"काय सांगून टाकलं?"

"की तो दुपारी ऑर्गन लावून बघायचा तेव्हा मी मशीन थांबवायचे. थंडीतसुद्धा खिडकी उघडी ठेवायचे. आणि त्याने एकदा विचारलं असतं तर मी गेले असते."

"कुठे गेली असतीस?"

"तो जातोय तिथे."

टॅक्सीवाला मागे वळून बघायला लागला. मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं.

"अम्पारो, हे तू आज सांगितलंस? बस सुटताना?"

"सुटत होती म्हणून तर सांगता आलं. आता तो काही पुन्हा दिसायचा नाही." तिने पर्सचा चाप लावला. "बरं वाटलं. संध्याकाळी काय करायचं, सूप की कालचंच मोले?"

एवढे निरोप दिले मी, पण न ठरवता रडले ते त्या टॅक्सीत.

दुपारी डॉन गोयो खोकला. डॉन गोयो म्हणजे आमच्या उशाशी बसलेला ज्वालामुखी. आम्ही त्याच्या खोकल्याचं फारसं मनावर घेत नाही, वाळत घातलेले कपडे तेवढे आत घेतो. पण या वेळी राख पिठासारखी पडत राहिली आणि रेडिओवर सांगितलं की राजधानीतला विमानतळ बंद केलाय. अम्पारो डोक्यावर फडकं टाकून चर्चला जपमाळेच्या प्रार्थनेला गेली. मी अंगण झाडत होते, तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर समोर पुतळा. डोक्यापासून बुटांपर्यंत राखाडी, दोन्ही हातांत राखाडी बॅगा.

"डोन्या कूका," पुतळा म्हणाला, "मी परत आली."

"डॉन गोयोमुळे?"

त्याने डोंगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं. "तो पण," तो म्हणाला.

त्या 'पण'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर फक्त अम्पारो होती. माझ्या बहिणीने आयुष्यात एकदाच तोंड उघडलं, तेही हा माणूस समुद्रापलीकडे जातोय या भरवशावर. आणि आता ती प्रार्थना संपवून घरी येणार, तर हा टेबलाशी सूप पीत बसलेला! लाजेने ती पुन्हा जन्मभर बोलली नसती.

"डोन्या कूका, मला एक गोष्ट विचारायचा आहे."

"बाथरूम तिथेच आहे," मी म्हणाले आणि त्याला अंगणापलीकडच्या कोठीच्या खोलीत ढकललं. त्याची जुनी खोली बरोबर अम्पारोच्या खोलीखाली होती, तिथे ठेवणं शक्यच नव्हतं.

कोठीत घेवड्याच्या पोत्यावर बसवून मी त्याला सांगितलं, "डॉन बेनी, तुम्हाला आमची पद्धत माहीत नाही. निरोप घेतलेला माणूस पुन्हा गल्लीत दिसला तर गल्लीचं वाटोळं होतं. मागे एक जण दिसला होता, त्या वर्षी सगळ्यांची लिंबं झाडावर सुकली."

"सगळा लिंबं?"

"सगळी. आणि लग्न न झालेल्या बाईने पाहिलं तर तिचे हात थरथरायला लागतात. आमच्या अम्पारोचं सुईचं काम. तुम्हीच विचार करा."

त्याने विचार केला. चेहरा पडला. "मी इथे गप्प बसली," तो म्हणाला. चांगल्या माणसाला फसवण्यात काही कौशल्य लागत नाही.

पण त्याला पांघरायला काही नव्हतं. आमच्याकडे नोव्हेंबरात दात वाजतात, आणि घरातली जादा ब्लँकेटं अम्पारोच्या खोलीतल्या पेटीत. मी डॉन फेर्मिनच्या दुकानात गेले.

"ते बेनीचं ब्लँकेट जरा द्याल का?"

"का हो?"

"धुवून देते."

"अहो, तो काल धुवूनच देऊन गेला. अजून घडीसुद्धा मोडली नाही."

"मग मला पांघरायलाच हवंय. थंडी आहे. किटलीही द्या."

फेर्मिननी वस्तरा पुसला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने माझ्याकडे बघायला लागलं. "कूका," फेर्मिन म्हणाले, "इतकी वर्षं शेजारी आहोत. तुम्हाला थंडी वाजल्याचं मी आजच ऐकतोय."

दुसऱ्या दिवशी मी टॉर्टिया दुप्पट घेतल्या. हंगेरीचा माणूस भीतीनेही कमी जेवत नाही. टॉर्टियावालीने एकदा पिशवीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. दुपारी फेर्मिन आले, किटलीचं झाकण द्यायचं राहिलं म्हणून. झाकण हातात देऊन झालं तरी ते अंगणातच उभे. आणि कोठीतून शिंक आली. राख नाकात गेलेल्या मोठ्या माणसाची, खणखणीत.

"काय हो हे?"

"टर्की."

"टर्की आपण खाल्ला ना?"

"दुसरा आणलाय."

"टर्की शिंकतो?"

"राखेमुळे."

फेर्मिन भला माणूस. शिंकणाऱ्याचं भलं चिंतल्याशिवाय त्यांना राहवत नाही. दाराकडे वळून ते म्हणाले, "देव भलं करो."

"आभारी आहे," टर्की म्हणाला.

फेर्मिननी टोपी घातली. "शिकलेला दिसतोय," एवढंच बोलले आणि गेले.

न्हाव्याच्या दुकानात शिरलेली बातमी गल्लीभर व्हायला किती वेळ लागणार? संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की डोन्या कूकाने कोठीत एक पुरुष ठेवलाय. गंमत म्हणजे मला कुणी नावं ठेवली नाहीत. उलट टॉर्टियावालीने मला वरच्या, गरमागरम टॉर्टिया काढून दिल्या. समोरच्या बाईने विचारलं, मी चेहऱ्याला काय लावते. चर्चच्या सेवकाने सायकलवरून उतरून वाट दिली.

मग पाद्रीबाबा आले. मी चॉकलेट उकळून दिलं. त्यांनी ते सगळं पिऊन होईपर्यंत हवापाण्याच्याच गोष्टी केल्या.

"मुली," शेवटी ते म्हणाले, "एकटेपण काय असतं ते देवाला कळतं. पण मग लग्न लावायला मी आहे ना?"

"बाबा, तसं काही नाही."

"सगळे असंच म्हणतात. कोण आहे तो?"

"टर्की आहे, बाबा."

पाद्रीबाबांनी डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा बराच वेळ मला आशीर्वाद दिला.

इकडे बेनी रोज ताट घेताना म्हणायचा, "डोन्या कूका, आता तरी विचारू?" आणि मी म्हणायचे, "हळू बोला, लिंबं." तो गप्प व्हायचा. एकदा म्हणाला, "वर मशीन चालते. मी ऐकते." मी म्हटलं, शिवणकाम आहे, चालणारच. आणि दार लावून घेतलं. अशी मी हुशार.

गल्लीतली बातमी अम्पारोला नेहमी सर्वांत शेवटी कळते. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली. हातात घडी केलेले कपडे.

"कूका, मी चोलुलाला मावसबहिणीकडे राहायला जातेय. उद्या सकाळी."

"का गं?"

"तुला घर मोकळं हवं. मला सांगायला तुला अवघड वाटत असेल."

"अगं, तसं नाहीये."

"लपवू नकोस. मला आनंद आहे." तिने माझा हात धरला. सुया टोचून टोचून तिची बोटं खरखरीत झाली आहेत. "आपल्या दोघींपैकी एकीचं तरी जमलं."

हे ती कोरड्या डोळ्यांनी म्हणाली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. खरं सांगावं तर ती लाजेने मरणार, न सांगावं तर घर सोडून जाणार. तिला वाचवायला म्हणून मी जे सगळं केलं, त्यानेच ती बेघर होत होती. मी चुलीपुढे बसून राहिले, आणि पुन्हा एकदा मला युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांवर कुणीतरी बंदी घालायला हवी.

विमानतळ उघडल्याचं रेडिओवर सांगत होते. मी विमान कंपनीला फोन केला, घोगरा आवाज काढून मी बेनीची सेक्रेटरी आहे असं सांगितलं आणि त्याची जागा दुसऱ्या दिवसाची करून घेतली. पहाटे हा गेला की कोठी रिकामी, मग अम्पारोला म्हणायचं, बघ, आहे का कुणी? टॅक्सी सांगून टाकली. बेनीला हे कळवलं तेव्हा तो पोत्यावर तसाच बसून राहिला.

"उद्या? पण मी अजून विचारली नाही."

"टॅक्सी सांगितलीय," मी म्हणाले.

पहाटे मी त्याला माझ्या नवऱ्याची मोठी टोपी घातली, अंगावर त्याचीच शाल टाकली, राखेच्या निमित्ताने तोंडाला रुमाल बांधला. शाल त्याच्या गुडघ्यांपर्यंतही पोचेना. दार हळूच उघडलं.

सगळी गल्ली बाहेर होती. प्रत्येकाच्या हातात झाडू. राख दोन दिवसांपूर्वीच झाडून झाली होती, तरी सगळे स्वच्छ फरशी मन लावून झाडत होते. पाद्रीबाबासुद्धा.

डॉन फेर्मिन पुढे आले. आवाज थोडा कापत होता. "साहेब, आमची कूका काही रस्त्यावर पडलेली नाही. तोंड झाकून चाललात ते कुठे? तुमचा विचार काय आहे?"

बेनीला बिचाऱ्याला लिंबांची काळजी. त्याने टोपी आणखी खाली ओढली, म्हणजे आपण दिसणार नाही. फेर्मिननी हात उंच करून ती टोपी काढली, आणि दोन झाडू खाली पडले, त्यांचा आणि टॉर्टियावालीचा.

"डॉन बेनी?" फेर्मिन म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही आणि डॉन बेनी?"

पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागे पायरीवर काहीतरी वाजलं. अम्पारो बॅग घेऊन उभी होती. तिने बेनीला पाहिलं. त्याच्या अंगावर माझ्या नवऱ्याची शाल पाहिली. मग मला पाहिलं.

"कूका," ती म्हणाली.

खरं काय ते सांगावं तर तिचं गुपित सगळ्या गल्लीसमोर फुटणार, आणि न सांगावं तर ती मला काय समजणार ते तिच्या चेहऱ्यावर दिसतच होतं.

बेनीने तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"सेन्योरीता अम्पारो," तो म्हणाला, "बसचा खिडकी बंद होता. मी काही ऐकली नाही. पण तुम्ही फार बोललात. इतक्या महिन्यांत इतका कधी बोलला नाहीत. मला वाटली, महत्त्वाचा असेल. म्हणून मी टोलनाक्यावर उतरली. परत आली, विचारायला. तिथे बसची वाट बघत होती, तेव्हा डोंगर खोकली. मग डोन्या कूका म्हणाल्या, विचारू नका, लिंबं सुकतील."

सगळे झाडू माझ्याकडे वळले.

"कसली लिंबं?" पाद्रीबाबांनी विचारलं.

मी काय सांगणार? जो माणूस डोंगर खोकायच्या आधीच हिच्यासाठी बसमधून उतरला होता, त्याला मी तिच्याचपासून लपवून, घेवड्याच्या पोत्यावर बसवून ठेवलं होतं. आणि तो खाली बसून तिच्या मशीनचा आवाज ऐकत होता.

गल्लीत कुणी हलेना. टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं, म्हणजे नीट ऐकू यावं.

"म्हणजे काहीच ऐकलं नाहीत?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

"इथे सांगा की," डॉन फेर्मिन मदतीच्या सुरात म्हणाले.

अम्पारोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी झाडू उचलून झाडायला सुरुवात केली. मग तिने आपली बॅग टॅक्सीवाल्याच्या हातात दिली. "मी चोलुलाला चाललेय," ती बेनीला म्हणाली. "रस्त्यात सांगेन. खिडकी उघडी ठेवा, म्हणजे मला लाज वाटली तर बाहेर बघता येईल."

बेनी तीन ठिकाणी दुमडून टॅक्सीत बसला. टॅक्सीवाल्याने विचारलं, विमानतळ की चोलुला, तर त्याने अम्पारोकडे पाहिलं. ती म्हणाली, "चोलुला." टॅक्सी गेली. मी हात हलवायलाही विसरले.

दुपारी दोघं परत आली. बॅगा सगळ्याच्या सगळ्या परत, शिवाय चोलुलाच्या बेकरीतला पाव. विचारायचं मला धाडसच नव्हतं. ताटं वाढली. बेनीने घसा साफ केला.

"डोन्या कूका, माझी बेत जरा बदलली."

"बदलला," अम्पारो म्हणाली.

"बदलला," तो म्हणाला आणि लाजला. मग तिने त्याला टॉर्टिया वाढली, आणि त्या दोघांनी माझ्याकडे न बघता जेवायला सुरुवात केली.

फक्त गल्लीतला माझा तोरा तेवढा उतरला. कोठीत नुसता भाडेकरूच होता हे कळल्यावर समोरची बाई चेहऱ्याबद्दल काही विचारीना, आणि टॉर्टिया पुन्हा खालच्या, गार मिळायला लागल्या.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी डॉन फेर्मिन आले. केसांना तेल लावलेलं, भांग कोरून काढलेला. हातात टोपी. मी खुर्ची दिली.

"म्हणजे कोठीत फक्त बेनीच होता?"

"फक्त बेनी."

"दुसरं कुणी नाही?"

"दुसरं कोण असणार, डॉन फेर्मिन?"

"बरं झालं." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. टोपी हातात गोल गोल फिरवली. "कूका, खूप दिवस एक गोष्ट सांगायची होती. धीरच होत नव्हता. पण अम्पारोचं बघितलं आणि वाटलं, मनात ठेवून उपयोग नाही."

मी हळूच एप्रन सोडला. कपाळावरचे केस मागे सारले. वर अम्पारोचं मशीन नेमकं थांबलं.

"सांगा ना," मी म्हणाले.

"बेनीच्या निरोपाला," डॉन फेर्मिन म्हणाले, "मोलेत मीठ फार पडलं होतं. अम्पारोच्या लग्नाच्या वेळी तेवढं बघा."